भोंगा की बक्सा

८ जानेवारी १९६७, अमरावती
काल बोरखेडीहून परत. परतवाड्याच्या पुढं एस.टी. सोडून देते, तिथून पायी. नाल्याअलीकडच्या आपल्या वस्तीत एका बाळाच्या नामकरणाचा कार्यक्रम. दुपारी बुद्धवंदना झाली, मग माझी गाणी. माईक नव्हता. प.वाड्याच्या मंडपवाल्यानं कबूल केला होता, पण निवडणूक आली आणि सगळे भोंगे जीपगाड्यांवर चढून बसले. म्हटलं नसू दे, घसा आहे. दुसऱ्याच गाण्यात वरचा सूर लागला नाही. फाटलाही नाही, नुसता वारा आला. पेटी वाजवत राहिले. लोकांना वाटलं असेल मुद्दाम थांबले.
बायका नेहमीसारख्या सगळ्यात मागं, गोठ्याच्या भिंतीला टेकून. संपल्यावर सोनाबाई म्हणून एक म्हातारी पुढं आली. म्हणाली, "माय, मी तुह्या तोंडाकडंच पाहून राहिली होती. गाणं काई माह्यापावतर आलं नाही."
परतीच्या रस्त्यानं तेच डोक्यात.

११ जानेवारी
शाळेत सगळं फळ्यावर लिहून शिकवलं. मुली खूश. सुटल्यावर डॉक्टरीणबाईंकडे. आरसा घालून घसा पाहिला. "गाठी धरू लागल्यात. दिवसभर वर्गात बोलता, वर मैदानात ओरडता." म्हटलं, ओरडत नाही, गाते. "माईक नसताना मैदानात गाणं म्हणजे ओरडणंच. असंच चाललं तर वर्षभरात बोलायलाही आवाज उरणार नाही." थोडे दिवस मौन, मग हळू आवाजात गायला हरकत नाही म्हणाल्या.
रडू आलं नाही. राग आला. कोणाचा ते ठरवता येईना.

१२ जानेवारी
बोलायची बंदी, म्हणून आमचे हे बांधकाम खात्याच्या ऑफिसातून आल्यावर पाटीवर लिहिलं: आपला स्वतःचा माईक घ्यायचा.
यांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. "त्या गावाइत लाइट कुठं आहे? कशावर चालन?" लिहिलं, मोटारीच्या बॅटरीवर. "उचलन कोण?" मी. "निवडणूक झाली का भाड्यानं भेटनच ना." मग पाटीभर लिहिलं, की भाड्याचा माईक ठेकेदाराच्या हातात. मागच्या साली माझं गाणं मधेच तोडून त्यानं कोणाचा तरी सत्कार लावला, आणि मी पेटीवर हात ठेवून बसून राहिले.
यांनी पाटी पुसून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "पाहून तर ये. अकोल्याले अक्काकडं जाशीलच."
झालं. आता मागं फिरत नाही.

२२ जानेवारी, अकोला
सकाळीच अक्काबरोबर मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरात. हबीबभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. अक्काच्या घरचा रेडिओ त्यांनीच जिवंत ठेवला आहे. त्यांनी दोन सेट काढून दाखवले.
एक जुन्या पद्धतीचा. आत काचेचे दिवे, ते तापेपर्यंत आवाज नाही. बरोबर पत्र्याचा मोठा भोंगा. मशीन उचलून पाहिलं, दाण्याचं पोतं उचलल्यासारखं. दुसरा नवा, ट्रान्झिस्टरचा. मशीन शिदोरीच्या डब्याएवढं. भोंग्याऐवजी लाकडी बक्सा, समोर जाळीचं कापड. बॅटरी दोघांनाही लागते, पण बक्स्याला लहान पुरते.
हबीबभाई म्हणाले, "बाई, सुनके लो. तारीफ तो मैं दोनो की करूंगा."
दुकानाच्या ओट्यावर बसून हळूच गायले. आधी भोंग्यावर. अख्खी गल्ली थांबली, बांगडीवाल्यानं मान वर केली. मग बक्स्यावर तीच ओळ. गल्ली चालू लागली. पण ओट्याशी उभी असलेली माणसं जवळ सरकली.
अक्का म्हणाली, "हा तुहा आवाज व्हय. त्या भोंग्यात कोणी दुसरीच बाई बसेल होती."
मला मात्र भोंगाच आवडला. खरं ते लिहिते. इतक्या लांब मी कधी गेले नव्हते.
हबीबभाईंनी दोन्ही एकामागून एक वापरून पाहायला देतो म्हटलं. अक्काच्या भरवशावर.

२९ जानेवारी
भोंगा घेऊन बोरखेडी. कंडक्टर बॅटरी आत घेईना, तेजाब सांडेल म्हणाला. टपावर चढवली. भोंगा मांडीवर. सगळी एस.टी. मला उमेदवार समजत होती. उतरवताना तेजाब सांडलंच, निळ्या लुगड्याला भोकं.
तिथं भगवाननं पुढाकार घेतला. वस्तीच्या मंडळाचा सेक्रेटरी, तरणा, कोर्टात शिपाई आहे. कडुनिंबावर चढून त्यानं भोंगा बांधला आणि तोंड नाल्यापलीकडं केलं, पाटलांच्या गावठाणाकडं. मी पाहिलं, आणि पेटी उघडली.
पहिलं गाणं संपायच्या आत पलीकडून एक गडी आला. "पाटलायनं सांगतलं, भोंगा तुमच्याकडं फिरवा. तिकडं कावून?" सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मी माईकमधूनच म्हटलं, "दादा, भोंगा झाडाले बांधला आहे. गाणं झाल्यावर सुटन." तो उभा राहिला, मग गेला. भगवान एवढा हसला की फांदीवरून पडता पडता वाचला.
छाती भरून आली होती. पण समोर बायकांनी पदर कानाशी धरले होते. मधेच भोंगा शिट्टी मारायचा. तान्ही पोरं रडायला लागली. सोनाबाईला विचारलं. म्हणाली, "आवाज लय झाला माय. बोल काई उमजले नाही."
म्हणजे गावठाणाला आवाज गेला, आणि बोल कोणालाच नाही.

१ फेब्रुवारी
घसा बरा. डॉ.बाई म्हणाल्या, सूज उतरते आहे.
यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "पलीकडल्यायनं ऐकाव, हे तुले पाहिजे ना?" पाहिजे. "मंग त्यायनं काय ऐकाव?" मी भाकरी उलटली.

१२ फेब्रुवारी
भोंगा परत करून बक्सा आणला होता, तो घेऊन बोरखेडीलाच. यावेळी कंडक्टरनं बॅटरीसकट आत घेतलं. बॅटरी पिशवीत, बक्सा पायाशी, मशीन पेटीच्या वर. एकटीनं नेलं, एकटीनं उतरवलं, रस्त्यात दोनदा बसले आणि पोचले. तिथंही कोणाला हात लावू दिला नाही. वायरी मीच जोडल्या.
आणि एक केलं. बक्सा पुढं ठेवलाच नाही. लांब वायर टाकून मागं नेला, गोठ्याच्या भिंतीशी, बायकांच्या मधोमध. मी पुढं, माझा आवाज मागं. पुढचे बुढे कुरकुरले. म्हटलं, तुमाले तसंही ऐकू येते.
गाणं सुरू झालं आणि प्रचाराची जीप आली. नाल्याच्या कडेनं, भोंगा लावून. बक्सा त्यापुढं काहीच नाही. मी थांबले. माईक बंद केला, पाणी प्यायले, सगळ्यांना म्हटलं जाऊ द्या त्याले. गेली. मग तीच ओळ पहिल्यापासून घेतली.
ओरडले नाही. बोलते तेवढ्या आवाजात गायले, घरी चुलीपाशी गाते तसं. सोनाबाईचं डोकं हलताना दिसलं. तिसऱ्या गाण्याला मागून बायका धृपद म्हणायला लागल्या. आधी कोणी एक, मग सगळ्या. या बायका गाताना मी कधी ऐकल्या नव्हत्या. त्यांना बोल कधी मिळालेच नव्हते, तर म्हणतील काय.
एस.टी.त बसल्यावर त्यांचंच धृपद गुणगुणत आले.

१३ फेब्रुवारी
ठरलं. बक्सा. यांनाही तेच वाटत होतं, फक्त माझ्या तोंडून यायची वाट पाहत होते म्हणे. नवऱ्यांची ही एक रीत.
मतदानाची ड्यूटी लागली आहे, त्यानंतर अकोला.

२६ फेब्रुवारी, अकोला
घेतला. हबीबभाईंनी बक्स्याला वरून चामड्याचा पट्टा लावून दिला, खांद्याला अडकवायला. मी विचारलं, यालाच आणखी एक बक्सा जोडता येईल का? म्हणाले, "जुड जाएगा. मगर आवाज बढेगा नहीं, बटेगा." वाटला जाऊ दे. मला तेच हवं आहे.
अक्कानं बक्स्याला कुंकू लावायला हात पुढं केला आणि स्वतःच थांबली. नवा धर्म घेऊन इतकी वर्षं झाली, तरी हात जातो. दोघी हसलो. तिनं नुसतं पुसून ठेवलं.

१९ मार्च
भगवान घरी आला. चहा घेतला, पण खुर्चीच्या कडेवर बसला.
"ताई, चौदा एप्रिलले भोंगा पाहिजे."
म्हटलं, माझ्याकडं बक्सा आहे.
"बक्सा आमच्यातल्या आमच्यात. त्याइले ऐकू गेलं पाहिजे. आमी इतके साल त्याइचं ऐकून राहिलो."
तो खोटं बोलत नव्हता. नाल्यापलीकडं देवळावर भोंगा आहे, तो रोज वाजतो, आणि वस्तीनं तो ऐकलाच पाहिजे. पहिल्या दिवशी हबीबभाईंच्या ओट्यावर मला भोंगा आवडला तो याच्याचसाठी.
म्हटलं, "भगवान, भोंग्यातून ओरड जाते रे, गाणं जात नाही. माहा घसा अन् माहे बोल, दोन्ही जातात."
"मंग आमी नागपूरची पार्टी बोलावू. भोंग्यासगट."
"बोलाव. चांगली गातात ते."
उठला. दारात म्हणाला, "राग नका धरू ताई." मी म्हटलं, धरला तर कळवीन.
हे आतून ऐकत होते. "बोरखेडी गेली म्हणायची." गेली तर गेली. दोन गावांचे निरोप आले आहेत, दोन्ही बायकांच्या मंडळांचे.

१५ एप्रिल
काल अमरावतीतच, आपल्याच वस्तीत गायले. बक्सा मधे, लोक चारी बाजूंनी. आवाज स्वच्छ लागला, वरचा सूर सरळ चढला, जसा मुलीचा हात धरून पायरी चढवावी. डॉ.बाई मुद्दाम आल्या होत्या, कडेला उभ्या. जाताना म्हणाल्या, "आता गाता."
बोरखेडीची आठवण आली, नाही म्हणत नाही. तिथं काय झालं असेल.

३० एप्रिल
कळलं. बोरखेडीचाच एक जण यांच्या ऑफिसात आला होता. नागपूरची पार्टी जोरात झाली, भोंगा गावठाणापर्यंत वाजला. पलीकडच्यांनी देवळाचा भोंगा लावला. मग दोन्ही बाजू आवाज वाढवत गेल्या, शेवटी कोणाचंच काही कळेना, आणि पार्टीनं वेळेआधी आवरतं घेतलं. मारामारी झाली नाही, एवढंच.
मला बरं वाटलं. मग वाईट वाटलं की बरं वाटलं.

१० मे
शाळेला सुट्टी. सोनाबाईचा निरोप, प.वाड्याच्या बाजारात भेटलेल्या एका बाईच्या तोंडी. बुद्धपौर्णिमेला या. मंडळानं नाही बोलावलं, बायकांनी बोलावलं. "आमी बोलावून राहिलो, असंच सांग म्हणे."
जाणार.

२३ मे, बोरखेडी
दुपारचे लिहिते आहे, सोनाबाईच्या छपरीत. ऊन असं की बॅटरी ओल्या पोत्यात गुंडाळून आणली. कार्यक्रम ऊन उतरल्यावर.
बायकांनी जागा स्वतः धरली आहे, पुढची. पोती अंथरून वर दगड ठेवले, कोणी उचलू नये म्हणून. पुरुष मागं. भगवाननं ते पाहिलं आणि पाण्याचे माठ भरून ठेवले.
आताच एक बाई येऊन गेली. नाल्यापलीकडली, डोक्यावर पदर, हातात रिकामी टोपली, गवऱ्यांच्या निमित्तानं आली असावी. सोनाबाईला हळूच विचारलं, "केवा हाय?" मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "भोंगा होता तवा तुमचं काई समजलं नव्हतं. पाटलीनबाई बी म्हने, बोल चांगले दिसतात, पन समजत नाही." आणि गेली. नाव सांगितलं नाही.
तेव्हापासून भगवान कडुनिंबाखाली उभा होता. मग आला. "ताई, भोंगा आणलेला आहे. शिट्टी मारत नाही, तपासला. तुमच्या मशीनले जोडू देता? शेवटच्या गाण्याले. एकच." मी म्हटलं मशीन लहान आहे, बक्सा अन् भोंगा दोन्ही ओढणार नाही. "मंग बक्सा काढून भोंगा." बायका तुटून पडल्या त्याच्यावर. सोनाबाई मात्र म्हणाली, "त्या बाईनं ऐकाव कसं मंग? नाल्यातून येइन का थे, साऱ्या गावासमोर?"
मी म्हटलं, दुसरा बक्सा असता तर नाल्याच्या काठावर ठेवला असता. भगवान म्हणाला, "अन् तो राखन कोण?" मग स्वतःच म्हणाला, मी. पण दुसरा बक्सा नाही, आहे हा एक.
चहा आला आहे. पहिलं गाणं बक्स्यावरच, बायकांच्या मधे. त्यानंतर बक्सा नाल्याकडं न्यायचा, वायर किती लांब जाते ते पाहू. भगवान ती मोजायला गेला आहे, नाल्याच्या बाजूनं.