वेशीबाहेरची चूल

९ फेब्रुवारी २०१६, मंगळवार

परवानगी मिळाली! वडिलांना फलोदीपर्यंत न्यायची, आणि पुढे आईच्या माहेरी, खारियासरला, मुक्काम करायचीही! व्हिसाच्या कचेरीतून ह्यांचा फोन आला. "झालं" एवढंच बोलले आणि ठेवला. मी शाळेच्या व्हरांड्यात होते. नववीच्या मुली बघत होत्या तरी ओरडलेच. मुली हसल्या. हसू देत!

एकोणीस वर्षांनी वडिलांना, माझ्या जीसांना, पाहिलं. ऐंशीच्या घरातला माणूस सरहद्दीपलीकडून, उमरकोटहून, एकटा गाडीत बसून जोधपूरला आला – काठी, पत्र्याची ट्रंक आणि मिशा. मिशा पांढऱ्या झाल्यात, पण पीळ तोच. आणि इतके दिवस झाले तरी माझ्या घरचा पाण्याचा थेंब त्यांच्या पोटात गेलेला नाही. आपल्या मामेभावाकडे उतरलेत; ती वस्ती वेगळी, वेस वेगळी, म्हणून तिथलं पाणी चालतं. सकाळी तिथून पोटभर खाऊन येतात, आमच्या ओट्यावर बसतात, नातीशी गप्पा मारतात. दुपारी तहान लागली की काठी उचलतात आणि चालू लागतात.

मुलीच्या घरचं खायचं नाही, तिच्या सासरच्या गावचं पाणी प्यायचं नाही. मला हे नवीन आहे का? माझे नाना, आईचे वडील, एकदाच आमच्या घरी आले होते, तेव्हा त्यांच्यासाठी शेजारच्या गावातून पाण्याची घागर आली होती. तेव्हा मला त्याची मजा वाटली होती. आता मी घागरीच्या दुसऱ्या बाजूला उभी आहे.

पण नियम गावाचा आहे ना? मग वेशीबाहेर काय? वाळवंटातला रस्ता, ना माझ्या सासरचं गाव, ना सासरचं छप्पर! जीपमध्ये शेगडी टाकायची, कुठेतरी मोकळ्यावर थांबायचं आणि माझ्या हातचं गरम त्यांच्या ताटात वाढायचं. एकदाच. ते पुन्हा येतील असं मला वाटत नाही. त्यांनाही वाटत नसावं. आम्ही दोघं त्यावर बोलत नाही.

हे प्रेम की हट्ट? प्रश्न लिहून ठेवते. उत्तर नंतर.

१० फेब्रुवारी, बुधवार

शेगडी, नवी परात, नवा तवा, नवं पातेलं – घरातल्या कशालाही न लागलेलं. हे म्हणाले, "सहलीला चाललीस की वेगळी निघतेयस?"

झोप येत नाही. चाळिशी उलटलेली बाई मी! उद्या शाळेची सहल असल्यासारखी तिसऱ्यांदा भांडी मोजतेय.

११ फेब्रुवारी, गुरुवार. ओसियां

काय दिवस! आधी गंमत लिहिते, मग दुसरं.

जीसा पुढे, ह्यांच्या शेजारी. मी आणि माझी लेक हेमाक्षी मागे, पायांत भांडी. शहर सुटलं तसे जीसा सैल झाले. खेजडी दिसली की "थांबवा!" उतरायचं, खोडावर हात ठेवायचा, वर बघायचं, परत बसायचं. तासाभराच्या रस्त्याला आम्ही तीन तास लावले.

"कंवरसा," जीसा जावयाला म्हणाले, "हा रस्ता आहे की गादी? झोप लागेल तुम्हाला. आमच्याकडे खड्डे असतात, ते जागं ठेवतात."

"जीसा, सांगा तर परत येताना खड्ड्यांतून नेतो."

"नानोसा, तुमच्याकडची वाळू अशीच असते?" हेमूने विचारलं.

"अशीच. फक्त आमची जरा वळणाची. वडीलधारं माणूस आलं की डोळ्यांत जात नाही."

आणि ओसियांच्या टेकाडावर ते चढले! जोडे हातात, धोतर खोचलेलं, मागून मी "जीसा, पडाल" ओरडतेय. वर पोचले, दम खाल्ला, आणि नातीचा हात धरून बसल्या बसल्या घसरत खाली! ऐंशी वर्षांचा माणूस! खाली आल्यावर मिशा झटकल्या आणि म्हणाले, "हे कोणाला सांगायचं नाही." मी इथे लिहितेय, म्हणजे कोणाला नाहीच.

आता दुसरं. टेकाडाच्या आडोशाला शेगडी मांडली. वारा होता, हे आणि हेमू चादर धरून उभे. सोगरे भाजले – बाजरीचे, जाड, त्यांना आवडतात तसे – आणि लसणाची चटणी. ताट पुढे ठेवलं.

जीसांनी ताटाकडे पाहिलं.

"पीठ कुठलं, बाईसा?"

"बाजारातलं. कालच आणलं. भांडी नवी, पाणी वाटेतल्या टाक्यातलं."

"पैसे?"

"माझ्या पगाराचे!"

"पगारदार कोणाची सून?"

हे चादरीमागून म्हणाले, "जीसा, देवाशपथ सांगतो, तो पगार आमच्या घराने अजून पाहिलेला नाही."

जीसा इतके हसले की ठसका लागला. मला वाटलं, जिंकले! पण त्यांनी डोळे पुसले आणि ताट हळूच माझ्याकडे सरकवलं.

"कंवरसा भला माणूस आहे. पण बाईसा, वेस काय नुसती दगडांची असते? तू चूल मांडशील तिथे तुझं सासर."

म्हणजे मी वेस बरोबर घेऊनच फिरते! मग हा सगळा प्रवास कशाला?

हेमूने शेवटचा प्रयत्न केला. "नानोसा, पीठ तुम्ही विकत घ्या. मम्मीसा फक्त भाजेल."

"म्हणजे लेकीला स्वयंपाकीण ठेवू? तिला राबवू आणि मी ढेकर देऊ?"

त्यांनी आपलं फडकं सोडलं. मामेभावाकडचे सोगरे, गूळ, कांदा. "तुम्ही जेवा, थंड होतंय." आम्ही जेवलो. वाऱ्याने पिठात वाळू गेली होती, दाताखाली कचकच आली. बरं झालं. कोणाला बोलावं लागलं नाही.

राग आला का? आला. त्यांचा? की त्यांचा मुद्दा मला पटला, याचा? आवरायला शेगडी उचलली तर अजून गरम होती. बोट भाजलं.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार. फलोदी

खीचनच्या तळ्यावर कुरजा पक्षी! हजारोंनी! काळ्या मानांचा नुसता गलबला. जीसा लहान मुलासारखे काठाकाठाने फिरत होते. "ह्या आमच्याकडेही उतरतात."

हेमू म्हणाली, "यांना बघा ना नानोसा, कसला व्हिसा नाही की काही नाही."

"यांना जावईही नसतात," जीसा म्हणाले.

हे मोठ्याने हसले. सबंध दिवस हसत होते. मीही. शेगडी पोत्यात बांधून ठेवली आहे. आता काढायची नाही. ठरवलं.

(ठरवलं, पण मन कसं नमतं? नमत नाही.)

१३ फेब्रुवारी, शनिवार. खारियासर

हात अजून तुपकट आहेत. आधी लिहिते, मग धुते!

फलोदीपासून मिठागरांच्या बाजूने आलो. पांढरं, मग तांबूस, मग नुसती वाळू आणि आकड्याची झुडपं. गाव दिसलं तसा जीसांनी फेटा काढला, आरशात बघून पुन्हा बांधला. मिशांना पीळ दिला. हेमू कुजबुजली, "नानोसा लाजतायत!" खरंच लाजत होते. आईला इथूनच नेलं होतं त्यांनी. आई जाऊन आठ वर्षं झाली. तरी हे त्यांचं सासर, आणि ते इथले जावईच.

वेशीवर बायका! मधोमध मामीसा – माझ्या थोरल्या मामांची बायको, तोंडात दात नाही, आवाज मात्र ढोलासारखा. जीसांची सलहज, मेव्हण्याची बायको, म्हणजे थट्टेचा पूर्ण हक्क.

"आलात, पावणा? चाळीस वर्षांनी सासर आठवलं? वाट चुकलात की भूक लागली?"

"वाट सरकारने चुकवली," जीसा म्हणाले. "भूक माझी मीच घेऊन आलोय."

मग गाणी सुरू. पावण्याच्या मिशीला उंट बांधा, पावण्याच्या पोटाला टाकं खोदा – असली! जीसा मान खाली घालून हसत बसले. आणि खाणं! चहा, वर लापशी, वर केर-सांगरी, वर कढी. नको म्हणायची सोय नाही. जावयाने सासरी ताट परत केलं तर घराची अब्रू जाते. जो माणूस माझ्याकडे पाणी पीत नाही, त्याला इथे पाच बायका आग्रह करकरून घास घालतायत! मी दारात उभी राहून बघत होते. चेहऱ्यावर काय होतं देव जाणे.

मामीसा बाहेर आली. माझा दंड धरला.

"अशी का उभी? दारात अडकलेल्या शेळीसारखी?"

सांगितलं. शेगडीचं, टेकाडाचं, वेशीचं. ऐकताना ती मान हलवत होती. मग म्हणाली, "शिकलीस एवढी आणि चूल चुकलीस! चल. रात्रीचा बाजरीचा खीच तू लाव."

"मी? पण जीसा–"

"ही चूल कोणाची? माझी. बाजरी कोणाची? माझी. तू कोण? या घरच्या लेकीची लेक. मावशी रांधो, भाची रांधो, अन्न माझंच. पावणा खाईल, नाहीतर त्याचा बाप खाईल!"

मला सुचलं नव्हतं! इतके दिवस मी त्यांना माझ्या वेशीबाहेर न्यायच्या मागे होते. त्यांच्या सासरी न्यायला हवं होतं.

बाजरी मीच कांडली. हाताला सवय नाही, तळवे लाल झाले. मटकी घातली, मंद आचेवर बसवलं, ढवळत बसले. हेमू म्हणाली, "मम्मीसा, तू गुणगुणतेयस." गुणगुणत होते.

खीच वाढला. मध्ये खड्डा करून तूप. जीसांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मी खांबाआड. ताट संपलं, मामीसाने पुन्हा वाढलं. तेही संपत आलं, आणि हेमूच्याने राहवेना –

"नानोसा, खीच मम्मीसाने केलाय!"

गाणाऱ्या बायका गप्प. जीसांचा हात ताटावर थांबला. मला वाटलं, आता उठतात. पंगतीतून उठले तर मामीसाची अब्रू, न उठले तर त्यांची! आणि दोन्ही माझ्यामुळे! कशाला केला हा उद्योग?

जीसांनी नातीकडे पाहिलं. खांबाकडे पाहिलं.

"सासरी कोणी रांधलं हे जावयाने विचारू नये," ते म्हणाले. "आणि कोणी सांगूही नये." आणि ताट पुढे केलं.

तिसऱ्यांदा मी वाढलं. मी! माझ्या हाताने! तूप जास्त पडलं, ताटाबाहेर ओघळलं, मनगटावर आलं. बायकांनी एकदम गाणं उचललं. पुढचं मला नीट आठवत नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

परतीची वाट. मी विचार करत होते – मी त्यांना फसवलं का? आधी सांगायला हवं होतं का? त्यांनी नियम मोडला नाही, मीही मोडला नाही. मग काहीतरी लबाडी केल्यासारखं का वाटतंय? आणि इतकं आनंदाचं का वाटतंय?

जीसा पुढून, मान न वळवता: "मीठ कमी होतं."

"कशात?"

"खीचात."

"मग काल का नाही बोललात?"

"काल मी सासरी होतो."

ह्यांना जीप बाजूला घ्यावी लागली. हसून हसून रस्ता दिसेना.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

जीसा सकाळी आले, ओट्यावर बसले. दुपारी काठी उचलून पाणी प्यायला मामेभावाकडे गेले. मला काही वाटलं नाही. खरंच नाही! पाठमोरे बघत राहिले. चाल अजून ताठ आहे.

२० फेब्रुवारी, शनिवार

गाडी गेली. फलाटावर सगळे रडत होते. प्रत्येक डब्याशी तेच. मी रडेन असं धरून दोन रुमाल नेले होते. लागले नाहीत. जीसांनी डोक्यावर हात ठेवला, "सुखी राहा, बाईसा," म्हणाले आणि चढले. गाडी हलली तेव्हा मला कसं वाटलं सांगू? पोटभर जेवल्यासारखं. जेवले ते, पोट माझं भरलं.

नववीच्या वह्या तपासायच्या आहेत. सोमवारपासून.

२१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चहा घेत होतो, मी आणि हेमू. ती सहज म्हणाली, "मम्मीसा, माझं लग्न झाल्यावर तू माझ्या घरी चहा पिशील ना?"

तोंड उघडलं. 'हो' म्हणायला वेळ तो किती लागतो? शब्द आला नाही. बशी उचलली, पुसली, पुन्हा पुसली. "गीझर चालू राहिला वाटतं," म्हणून आत आले.

ती अजून बाहेर बसली आहे. मी इथे लिहीत बसले आहे.