वळणावरचा टहाळा

१८ ऑगस्ट, सोमवार
जव्हारहून लसी घेऊन येत होते. वांगणीच्या उतारावर, वळणाच्या अलीकडेच, रस्त्यात सागाची भलीमोठी फांदी आडवी! कोणाचा हा उद्योग? स्कूटर थांबवली, फांदी ओढून बांधावर भिरकावली आणि ऐटीत वळण घेतलं. पुढे रस्त्याखालची मोरी अर्धी खचलेली; गेल्या आठवड्यात धड होती. चाक आत, मी बाहेर.

भातात तण काढत, बेणणी करणाऱ्या दोन बायका धावत आल्या. ओळख ना पाळख. एकीने मला उठवलं. दुसरीने लसींचा डबा उचलून उंबराच्या सावलीत ठेवला — सांगावंही लागलं नाही. "फार लागला का, बाय?" एवढंच विचारलं. मग पहिली गेली, मी फेकलेली फांदी शोधून आणली आणि होती तिथे पुन्हा आडवी टाकली. शरमेने मेले.

१९ ऑगस्ट
गुडघा टम्म सुजलाय. पडल्याचं हरेशला फोनवर सांगून बसले — चूक झाली. "नाशिकला बदली घे. इथे काय नर्स लागत नाहीत?" बायकोची काळजी आहे, कळतं मला. पुढच्या महिन्यात मोटरसायकलवरून येऊन रस्ता बघणार, मग म्हणे ठरवू. ठरवायचं मी! दोन महिनेच झालेत इथे येऊन, पण मला वांगणी सोडायची नाही. मात्र रोज फोनवर भांडत राहायचं, तेही नको. त्याला पटायला हवं.

२५ ऑगस्ट, सोमवार
मला उठवणारीचं नाव फागी. आज मुद्दाम थांबून विचारलं, फांदी कोण टाकतं? "कोणी पण." पाला सुकला की ज्याला दिसेल तो ताजी तोडून टाकतो. टहाळा म्हणतात इथे. टहाळा दिसला की समजायचं, पुढे धोका आहे. आणि मी तो कचरा समजून फेकला!

येताना जीपवाला देवजी दिसला. जीप खच्चून भरलेली, दोघं मागे लोंबकळत. तरी खाली उतरून टहाळा बदलत होता. आतून कोणी कुरकुरलं नाही. ही माणसं मला फार आवडतात.

१ सप्टेंबर
टहाळा ताजा होता. उगाच हसू आलं.

८ सप्टेंबर, सोमवार
टहाळा नाही! मोरी तशीच खचलेली. रागच आला — इतके दिवस यांचं कौतुक करतेय आणि आज कोणालाच आठवण नाही? कडेकडेने गाडी काढली ती थेट फागीच्या शेतावर. विसरलात का, म्हटलं.

ती हसायलाच लागली. "आमाला रस्ता म्हाईत, बाय. टहाळा परक्यासाठी. तुजेसाठीच टाकत होतो. या रस्त्याला दुसरा परका येतोय कोण? आता तुला पण म्हाईत."

गाडीवर बसले, पण किल्ली फिरवायचं सुचेना. मी आपली परक्यांचा चांगुलपणा न्याहाळत हिंडत होते. परकी मीच होते. होते! डोळे भरून आले, खरंच.

१४ सप्टेंबर, रविवार
हरेश नाशिकहून निघालाय. सकाळीच कोयता घेऊन वळणावर गेले. सागाचा चांगला मोठा टहाळा तोडला आणि रस्त्यात आडवा टाकून आले.