चुकून कापलेला ताणा

४ मार्च

कापला! कापड उतरवताना मागावर ताण्याचे वीतभर उभे धागे शिल्लक ठेवायचे असतात. नवा ताणा त्यांना एकेक धागा करून सांधायचा, म्हणजे माग कधी रिकामा होत नाही. आमच्या गल्लीत पणजीच्या काळापासून हेच चालत आलंय. मी मात्र पार मागून कात्री चालवली आणि उरलेले धागे उपसून केराच्या डब्यात टाकले. आता माग म्हणजे नुसता लाकडी सांगाडा.

आईला जाऊन दोन महिने झाले. तिच्या या मागावर बसलं की तिचं "पाय सैल सोड गं" ऐकू येतं. नाही सोसवत मला. रविवारी हॉटेलवाला माग घेऊन जाणार आहे. त्याला यावर कुंड्या मांडायच्यात. मांडू दे बापड्याला. कुंड्यांना पाय नसतात.

५ मार्च

आत्या सकाळीच हजर. नात्याने आईची नणंद, पण दोघी शेजारीशेजारी विणत म्हाताऱ्या झाल्या. मला विणायला शिकवलं ते आत्यानेच. आईकडे फक्त रागवायचं खातं होतं.

रिकामा माग पाहून आत्याने कमरेवर हात ठेवले. मी घाबरून बोलून गेले – "चुकून कापला गेला." पन्नाशीला आलेली बाई मी! आत्यासमोर अजून शाळकरी होते.

"धांदरट! बापावर गेलीस," म्हणाली. म्हणजे स्वतःच्याच भावावर! आणि तरातरा निघून गेली. वाटलं, सुटले.

६ मार्च

कसली सुटते!

दार उघडलं तर अर्धी गल्ली उभी. प्रत्येकीच्या हातात धागे ओवायचा हूक. ताणा तुटला त्या घरी सगळ्यांनी जायचं, बोलावण्याची वाट बघायची नाही – हाही पणजीचाच नियम. पणजीला दुसरे उद्योग नव्हते वाटतं.

आत्याने स्वतःसाठी तयार ठेवलेला ताणा उचलून आणला होता. म्हटलं, "मग तू काय विणणार?" तर म्हणे, "मला कसली घाई? लग्नाला थोडीच उभी आहे मी!" सगळ्या हसल्या. मीही. हॉटेलवाल्याचं नाव तोंडातून निघेचना.

८ मार्च

चहा, चहा, चहा. पातेलं विसळून हात दुखले.

९ मार्च

ओवताना घरधनिणीने मागे बसून एकेक धागा पुढे करायचा, समोरचीने मागावरच्या तारेच्या बारीक डोळ्यातून हूक घालून तो ओढून घ्यायचा. आज समोर आत्या. तिचा हूक चुकतो आणि शिव्या हुकाला बसतात. "हल्लीचे हूकच वाकडे!"

मध्येच म्हणाली, "तुझी आई नवी नवरी होती ना, एका डोळ्यात दोन दोन धागे कोंबायची. पुन्हा वर मलाच विचारायची, वन्सं, एवढी भोकं उरली कशी?" मी हसता हसता रडायलाच लागले. आत्या थांबली नाही. "रड की. पण धागा देत राहा."

किती दिवसांनी पोटभर रडले!

१० मार्च

हॉटेलवाला टेम्पो घेऊन आला. मी माजघरात लपले. आत्याने त्याला बसवून चहा पाजला. "कुंड्यांच्या पाण्याने लाकूड फुगतं हो. त्यापेक्षा जुनी शिडी बघा." त्याला पटलं, आणि गेलाही!

"तुला माहीत होतं?"

"हॉटेलवाला काही मुका नाही. आणि चुकून म्हणे! चुकलेली कात्री वाकडीतिकडी जाते. केराच्या डब्यातले तुझे धागे पट्टीने मापल्यासारखे होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू भांडली असतीस. माझ्याकडे वेळ ओवण्यापुरता होता."

११ मार्च

चार बोटं विणलं. आईचा आवाज आला. येऊ दे.

२ एप्रिल

आत्याचा माग रिकामा. "चुकून कापला गेला," म्हणाली, भिंतीकडे बघत. तिच्या डब्यातले धागे मी पाहिले. सगळे एका लांबीचे. जवळ बसले तेव्हा हळूच म्हणाली, "आता दिसत नाही गं मला. जवळचं काहीच दिसत नाही."

माझ्याकडचा नवा ताणा आणला, गल्लीत हाका मारल्या, आत्याला हाताला धरून मागच्या बाजूला बसवलं आणि मी समोर बसले.

म्हटलं, "धागा द्यायला डोळे कशाला हवेत? दे."