ताप कुणाला आला होता

४ जानेवारी

चि. ठिपक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र कशाला, फोन मोडला का, असं म्हणशील. फोन तर पुढे जन्मभर करायचाच आहे. डोळे लिहू देताहेत तोवर लिहिते. ओळी तिरक्या गेल्या असतील तर मान तिरकी करून वाच.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मधलं जातंय, कडा राहतील, असं ते म्हणाले. म्हणजे तुझ्याकडे बघितलं तर कान दिसतील, तोंड दिसणार नाही. फार काही तोटा नाही. किती दिवस आहेत असं विचारलं, तर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. पुढच्या वर्षाचा भरवसा धरू नका, एवढंच म्हणाले. दुकानात मी आता पडद्यांच्या कडा तेवढ्या दुमडते, त्या बोटांना कळतात. सुईत दोरा शेजारची इस्त्रीवाली ओवून देते.

तर मी एक ठरवलं आहे. मार्चमध्ये एक प्रवासी जहाज दक्षिणेच्या उष्ण समुद्रात जातं आणि आठवड्याने परत येतं. आपल्या दोघांची खोली सांगून ठेवली आहे. आयुष्यभर लोकांच्या खिडक्यांना पडदे शिवले. गिऱ्हाईक म्हणायचं, समुद्रासारखा रंग हवा, आणि मी बघितल्यासारखी मान डोलवायची. तो रंग एकदा बघायचा आहे. जेवढं दिसेल तेवढं मी बघेन, उरलेलं तू सांग. रंगाच्या दुकानात केस पांढरे केलेस, एवढं येत असेल.

नाही म्हणू नकोस. लोभ आहे तो उसवू देऊ नकोस.

तुझी,
ताई

१३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मान तिरकी करून वाचलं. हिने विचारलं, लचक भरली का.

डोळ्यांचं वाचून त्या दिवशी दुकानात दोन डबे चुकीचे कालवले. एका बाईने जुन्या भिंतीचा पोपडा आणला होता, तसाच रंग हवा म्हणून. मी तिला दुसरंच काही दिलं. तिने घरी जाऊन लावला आणि परत येऊन मला भिंत बघायला घेऊन गेली. दुसरं कुणी असतं तर दुकानात ओरडलं असतं.

जहाजाचा कागद घेऊन प्रवासाच्या लशी देतात त्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण आहे, पण घाई करत नाही. ज्या बंदरांना जहाज लागतं तिथे डासांचे ताप आहेत, म्हणाला. त्यातला डेंगी एकदा होऊन गेला असेल तर दुसऱ्यांदा जास्त वाईट होऊ शकतो, आतल्या आत रक्त जाऊ शकतं. मग त्याने विचारलं, तुमच्यापैकी कुणाला पूर्वी झाला होता का.

ताई, तुला झाला होता. बाबा कालव्याच्या कामावर होते, आपण पत्र्याच्या खोलीत राहायचो, तेव्हा. आपण ते कधी बोलत नाही, पण मला सगळं आठवतं. म्हणून हे जहाज नको. उत्तरेला थंड समुद्रातही जहाजं जातात. तिथे डास नाहीत. स्वेटर मी घेतो.

रागावू नकोस. माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा

२० जानेवारी

चि. ठिपक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं डोकं रंगाच्या वासाने गेलं आहे. ताप मला नव्हता, तुला होता. तुझ्या अंगावर पुरळ उठलं होतं, म्हणून तर मी तुला ठिपक्या म्हणायला लागले. एवढा पुरावा नावातच घेऊन फिरतोस आणि मला शिकवतोस.

मी तुझ्या शेजारी त्याच अंथरुणात होते. तू डोळे दुखतात म्हणून रडायचास, मी तुझ्या डोळ्यांवर ओला फडका धरायची. तो गरम झाला की उलटा करायची. आता माझ्या डोळ्यांची पाळी आली आणि तू स्वेटर घ्यायला निघालास.

थंड समुद्राचं म्हणशील तर तो राखाडी असतो. राखाडी मला घरबसल्या दिसतं, हवं तिकडे बघितलं की.

पण डॉक्टर म्हणतो ते खरं असेल तर धोका तुला आहे. तू येऊ नकोस. मी एकटी जाते. जाळीच्या कापडाच्या दोन मच्छरदाण्या शिवायला घेतल्या होत्या, आता एकच पुरे. जहाजावर कुणीतरी भेटेल रंग सांगणारं. सगळ्यांना निळा आणि हिरवा एवढेच रंग माहीत असतात, पण चालवून घेईन.

तब्येत सांभाळ. लोभाचा टाका घट्ट ठेव.

ताई

२९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग हिला वाचायला दिलं. ही म्हणाली, दोघं भावंडं सारखीच आहात, आजारपणसुद्धा एकमेकांच्या गळ्यात घालता.

आधी मच्छरदाणीचं. हा डास दिवसाढवळ्या चावतो. रात्री जाळीत झोपून तू काय करणार? दुपारभर जाळी पांघरून बंदरात फिरलीस तर लोक नवरी समजतील.

आता तापाचं. ऐक. आई मला चुलीपाशी घेऊन गेली. खाली बसली, म्हणजे तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. म्हणाली, ताईला फार ताप आहे, तू धड आहेस, तिला चमच्याने पाणी पाजायचं काम तुझं. तिला सांगू नकोस, घाबरेल. मी पाजलं. चमचा तुझ्या दातांवर वाजायचा. मला स्वतःला नीट उभं राहता येत नव्हतं, पण मला वाटलं ते भीतीने. तुझ्या दंडांवर पुरळ होतं. नाव तू माझं ठेवलंस. मी तुझं ठेवलं असतं तर मार खाल्ला असता.

एकटी जाऊ नकोस. रक्त तपासलं तर जुना डेंगी कळतो, असं डॉक्टर म्हणाला. बहुतेक वेळा कळतो. आधी तपास, मग भांड.

कळव. माया ठेव.

धाकटा

९ फेब्रुवारी

चि. ठिपक्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला वेळ लागला. अक्षरं मोठी काढते आहे, कागद जास्त लागतो.

तुझं पत्र इस्त्रीवालीकडून वाचून घेतलं, कारण मला वाटलं मी चुकीचं वाचलं. तिने तेच वाचलं.

आई मलाही घेऊन गेली होती. मला चुलीपाशी नाही, मागच्या दारापाशी. तुझ्या धाकट्याला फार ताप आहे, तू धड आहेस, फडका बदलायचं काम तुझं, त्याला सांगू नकोस. हेच शब्द. दार धरून उभी होते ते मला आठवतं. का धरलं होतं ते आजवर मनात आलं नव्हतं.

तपासणी करून आले. माझ्या रक्तात सापडला. म्हणजे तुझं खरं ठरलं, आणि मी एवढी वर्षं माझा आजार तुझ्या नावावर मिरवत राहिले. तुझं तपासलंस का? नसेल तर तपासू नकोस. एकाला होता एवढं पुरे. धोका मला असेल तर तू येऊ शकतोस, आणि मी जाणारच आहे. डॉक्टरांनी परवा परत डोळे बघितले. आता त्यांनी चष्माही पुसला नाही.

तू नाही आलास तरी राग नाही. खरंच नाही. लोभ जसा आहे तसा असू दे.

ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच तपासून बसलो होतो. माझ्याही रक्तात आहे.

डॉक्टरला सगळं सांगितलं. मग त्याने विचारलं, तुमच्या आई आहेत का. नाहीत म्हणालो.

दोघंही एका अंथरुणात तापाने पडलेलो, बाबा कामावर, आई एकटी. आणि आपण दोघंही स्वतःला नर्स समजत होतो. काल दुकानात पांढऱ्याच्या डब्यात काळ्याचा थेंब टाकताना हे आठवलं, आणि ढवळायचं राहून गेलं.

डॉक्टरने जा म्हटलं नाही, जाऊ नका असंही म्हटलं नाही. मला ते आवडलं नाही. नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. ही दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आज तिने माझे पूर्ण बाह्यांचे शर्ट काढून ठेवले, न बोलताच.

तर माझं ऐकायचं. बंदरात उतरायचं नाही, एकाही. जहाज धक्क्याला लागलं की खोलीचं दार-खिडकी लावून बसायचं, अंगाला औषध चोपडून. पाणी खोल झालं, किनारा दिसेनासा झाला, की वर यायचं. पूर्ण बाह्या, पायात मोजे. डोकं दुखलं म्हणून तुझी नेहमीची गोळी घ्यायची नाही, त्याने रक्त जास्त जातं. ताप वाटला तर आधी जहाजाच्या डॉक्टरला सांगायचं. परत आल्यावरही दोन आठवडे लक्ष ठेवायचं.

दुसरी मच्छरदाणीही शिव. दुपारी पांघरू. दोन नवऱ्या दिसू, दिसू दे.

रंगांची तयारी करतो आहे. दुकानात निळ्या-हिरव्याच्या बऱ्याच पट्ट्या आहेत, त्या तू हातात धर, डोळ्यांच्या कडेला. मी समुद्र बघून सांगेन, यातली कुठली, आणि त्यात किती पांढरा घालायचा.

जहाजाच्या डॉक्टरने विचारलं तर दोघांनाही होऊन गेला आहे असं सांगू. आपापसात मात्र जुनंच चालू दे. मी धड आहे आणि तुला सांभाळायला येतो आहे. तू तुझ्याकडून उलटं धर.

मार्चमध्ये धक्क्यावर भेटू. तोवर माया कमी करू नकोस.

तुझा,
ठिपक्या