अनवाणी दोघी

शेळगाव, दि. २ मे

चि. मेघना हिस,
आजीचे पोटभर आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

बारामतीला नोकरी लागली, आता आजीचं नाव तरी ध्यानात हाय का? तुळसा म्हणतात मला, लिहून ठेव. मी सांगते अन् तुझी तेजूवहिनी लिहिती. मधलं गाळती का काय, मला अडाणीला कळायचं न्हाय. घरात फोन एकच, तो तुझ्या दादाच्या खिशात. सुमित त्यावर ‘आजी ठणठणीत हाय’ म्हणतो अन् ठेवतो, म्हणून हा कागद.

ठणठणीत न्हाय मी. गोठ्यात मोटरीनं भरायची लोखंडी टाकी हाय, तिला हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या येतात. सुमितनं तिथंच हात लावून दाखवला. त्याला काही न्हाय. तेजूला न्हाय. डॉक्टरनं शिरांच्या गोळ्या दिल्या. म्हैसपण टाकीपाशी जाती अन् मागं सरती. दूध आटलं. सुमित म्हणतो, ती माजली अन् मी म्हातारी झाले. असू दे. पण त्याचं बाळ आता रांगतंय, अन् त्याला पाण्याचा नाद. मी दिवसभर गोठ्याच्या दारात खाट आडवी टाकून बसती. डोळा लागला तर काय, ह्याच घोरात हाय. तू पाण्याच्या मोटरींच्या कारखान्यात असतीस, सांग.

लोभ हाय तसा राहू दे. वाढवलास तर नको म्हणणार न्हाय.
तुझी आजी


बारामती, दि. ३ मे

ती. आजीस,
मेघनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तेजूवहिनी, पुढचं वाचण्याआधी उठा आणि गोठ्याचा मेन स्विच पाडा. मग वाचा.

आजी, हे वय नाही, वीज आहे. दादाला फोन केला तर तो हसला. म्हणून हिंदुरावांच्या दूधगाडीबरोबर हे लगेच पाठवतेय. टाकीवर विजेचा दाब आला असणार. त्यालाच व्होल्टेज म्हणतात. दाब सगळ्यांना सारखाच. पण अंगातून किती वीज वाहणार, ते वाटेतल्या अडथळ्यावर ठरतं. अडथळा निम्मा झाला की प्रवाह दुप्पट. दादाच्या पायात गमबूट, वहिनींच्या पायात रबरी चप्पल. तो मोठा अडथळा. तू जन्मात चप्पल घातली नाहीस आणि गोठ्याची जमीन ओली. म्हैस तर चारही पायांनी अनवाणी. बाळ तळहातांवर, गुडघ्यांवर रांगतं. पुढचं मला लिहवत नाही.

दादानं बूट काढून खात्री करत बसू नये. वायरमन येईपर्यंत कुणीही टाकीला हात लावू नका.

तुझी माया अशीच पाठीशी असू दे.
मेघना


शेळगाव, दि. ५ मे

चि. मेघना हिस, जयभीम.

तेजूनं पहिली ओळ वाचली अन् कागद टाकून पळाली. सुमित मागनं म्हणत होता, पाणी भरायचं राहिलंय. तिनं स्विच पाडला. थोड्या वेळानं म्हैस आपणहून टाकीपाशी गेली अन् अशी प्याली की मान वर काढंना. सुमित बघत उभा राहिला. मग आत गेला अन् बाळाला उचलून बसला.

वायरमनला मोटरीची वायर टाकीच्या पाइपाला घासून सोललेली सापडली. टाकीची अर्थिंगची तारपण तुटली होती. दोन्ही नवं घातलं, मीटर लावून बघितलं, तवाच आमाला हात लावू दिला. मुंग्या गेल्या. गोळ्या मी आधीपासनंच खात नव्हते, ते डॉक्टरला सांगू नको.

सुमितला टोमणे मारू नको, त्याला मी हाय. काल जेवताना म्हणाला, “आजी, म्हैस पाणी प्याली तवा मला पटलं. तू सांगितलंस तवा न्हाय.” एवढं बोलला अन् ताट सरकवून उठला.

माया पातळ करू नको.
तुझी आजी

ता. क. हिंदुरावांच्या गाडीबरोबर भेळ पाठव. कोरडी बांधायला सांग, कांदा वेगळा. दोन पुडे कर, मोठा सुमितचा.