सदर पियानो सुरात लावू नये

मी, मॉरीन ॲक्रॉइड, वय चौऱ्याऐंशी, धंदा पियानोच्या शिकवण्या (आता बंद), राहणार हडर्सफील्ड, यॉर्कशायर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. तशी कोणाची छातीही नाही. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. या कागदाची अंमलबजावणी टेसा लॉकवुड हिने करावी. ती ‘सेव्हन्टीन स्टेअर्स’ या बँडची ड्रमर. त्या तिघांत वेळेवर येणारी ती एकटी. उरलेले दोघे, म्हणजे गाणारा डॅरेन सग्डेन आणि पियानो वाजवणारा ग्लेन बूथरॉइड, अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. मरण्याआधी मला त्या दोघांना एका खोलीत बघायचं आहे. मिळकतीची वाटणी त्यानंतरची गोष्ट.

२. माझं राहतं घर, आतल्या सामानासह, भाची जोन हिला द्यावं. ती दर रविवारी येते आणि घराचा विषय कधी काढत नाही. तिच्या भावाला घड्याळ द्यावं, म्हणजे निदान माझ्या दफनाला तरी तो वेळेवर पोचेल.

३. माझे दिवंगत पती अर्नेस्ट यांची सुतारकामाची हत्यारं शेजारी श्री. इक्बाल यांना द्यावीत. त्यांनी एकदा रंधा मागून नेला आणि धार लावून परत केला. असा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

४. चॅपल बंद पडलं तेव्हा त्याचा वरचा हॉल अर्नेस्टने आणि मी विकत घेतला होता. तो वाजवणाऱ्या पोरापोरींसाठी कायम खुला राहावा, आणि माझी बँकेतली शिल्लक त्याच्या छपरावर खर्च व्हावी. हॉलचा नियम एकच: खाली ॲम्प, म्हणजे गिटारचा जड स्पीकर, असेल तर रिकाम्या हाताने कोणी वर यायचं नाही, आणि तो सतरा पायऱ्या चढून आल्याशिवाय चहा मिळायचा नाही. बँडचं नावही त्या पायऱ्यांवरूनच पडलं. सध्या बुधवारी चार मुली येतात. त्यांचं वाजवणं म्हणजे भांड्यांचं कपाट कलंडल्यासारखं आहे. पण त्र्याण्णव साली हे तिघे आले तेव्हा यांचंही तसंच होतं, म्हणून मुलींना कोणी हाकलू नये.

५. माझ्या टेबलाच्या खणात एक सूरकाटा आहे. तो पियानो सुरात लावणारे श्री. क्राउदर यांना, माझ्या माफीसह, परत करावा. अठ्ठ्याहत्तर साली ते चॅपलचा पियानो लावायला आले आणि अख्ख्या गायकवृंदासमोर म्हणाले, “बाई, पियानो ठीक आहे. बेसूर तुमची बोटं आहेत.” मी त्यांना तिथल्या तिथे घालवलं. घाईत काटा इथेच राहिला. त्यानंतर मी ना त्यांना पायरी चढू दिली, ना दुसऱ्या कोणाला बोलावलं. पियानो हळूहळू जवळजवळ अर्धा सूर खाली उतरला.

हे मला ठाऊक होतं. डॅरेनने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, “बाई, पियानो सुरात आहे ना?” मी म्हणाले, “चॅपलचा पियानो आहे. तुझी गिटारच चढलेली असेल.” बिचाऱ्याने तारा उतरवल्या. त्या उतरलेल्या सुरात डॅरेनचा आवाज जड आणि जवळचा वाटू लागला, जणू कोणी शेजारी बसून बोलतंय. त्यांनी हॉलमध्येच एक टेप केली, ती रेडिओवर वाजली आणि लंडनहून बोलावणं आलं. तिथे चांगला, सुरातला पियानो होता. त्यावर तीच गाणी इस्त्री केलेल्या शर्टासारखी कडक झाली. शेवटी लॉरी आली, चार माणसांनी माझा पियानो सतरा पायऱ्या उतरवला, रेकॉर्डिंग झाल्यावर परत चढवला, आणि तो अल्बम जपानपासून ब्राझीलपर्यंत गेला. साठ हजार माणसं माझ्या पियानोच्या सुरात गायली. मी ते टीव्हीवर पाहिलं आणि ढसाढसा रडले.

पुढे जाणकारांनी त्या सुरावर लेख लिहिले. डॅरेनने मुलाखतीत सांगितलं की कल्पना त्याची. ग्लेन म्हणाला, माझी. त्यावरून वकील आले आणि बँड मोडला. मी मात्र मिठाची गुळणी धरून बसले, कारण खरं सांगायची लाज वाटत होती. कल्पना दोघांचीही नव्हती. तो माझा राग होता. चूक माझी आहे आणि मला तिचं फार वाईट वाटतं.

६. सदर पियानो हॉलमध्येच राहावा. तो कोणीही, कोणत्याही कारणाने, सुरात लावू नये.

७. डॅरेन आणि ग्लेन यांना मी काहीही ठेवत नाही. माझ्या वकीलबाईंनी सांगितलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, आणि सही होताना दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर लागतात. ते ऐकलं त्या दिवशी मला शांत झोप लागली.

८. हे शेवटचं कलम हॉलमध्ये बसून लिहीत आहे. दुसरा कोण येणार हे मी दोघांनाही सांगितलं नव्हतं. ग्लेनला पाहून डॅरेन परत फिरत होता, पण खाली मुलींचा ॲम्प होता आणि दाराशी टेसा. नियम दोघांनाही पाठ आहे. मला जिन्यातून ऐकू आलं.

“तुझी बाजू उचल.”

“उचललीय. ढिली तूच सोडतोस. नेहमीसारखी.”

अकरा वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं. चहा झाल्यावर मी त्यांना पाचवं कलम वाचून दाखवलं. मग डॅरेन म्हणाला, “म्हणजे बाई, जपानपर्यंत आपण क्राउदरच्या भांडणावर गेलो?” ग्लेन हसला नाही. तो उठला, पियानोपाशी गेला आणि त्याने एक पट्टी दाबून धरली. डॅरेनने भिंतीवरची मुलींची गिटार काढली आणि तो काही न विचारता तारा उतरवायला लागला.

अजून उतरवतोच आहे. त्याचं झालं की मी सही करीन.

सही: मॉरीन ॲक्रॉइड

वरील सही आम्हा दोघांच्या देखत झाली. त्या वेळी आम्ही दोघेही एकाच खोलीत हजर होतो, आणि अजून आहोत.

साक्षीदार: डॅरेन सग्डेन, गायक
साक्षीदार: ग्लेन बूथरॉइड, पियानोवादक

स्थळ: चॅपलचा वरचा हॉल, हडर्सफील्ड
दिनांक: १६ ऑक्टोबर २०१९, बुधवार