कशिशचं शून्य

मंगळवार, संध्याकाळ. खरवई.

डबा घासायला काढला तर झाकणात कोकीचा तुकडा तसाच. कशिशचा. मी नको नको म्हणत असताना तिने आपली ती कांदा घातलेली जाड सिंधी पोळी अर्धी मोडून मला दिली होती.

आज कॅम्प दोनच्या शाळेत सातवीच्या मुलांकडून माझ्या प्रबंधाची प्रश्नावली भरून घेतली. दुसऱ्याचं दुःख मुलांना किती जाणवतं, ते मोजायचं. 'कोणी एकटं बसलेलं दिसलं की मला वाईट वाटतं.' बहुतेकांनी शहाण्यासारखी 'नेहमी'वर खूण केली. कशिशने 'कधीच नाही'वर. म्हणजे शून्य.

असं का, हे मुलांना विचारायचं नसतं. तरी कागद गोळा करताना विचारलंच.

"मॅडम, कोणी अकेला दिसला तर मी जाऊन बसते ना त्याच्याजवळ. मग वाईट कशाला वाटेल?"

प्रश्न मीच तयार केलेत. 'जाऊन बसते' असा पर्याय ठेवायचं मला सुचलंच नाही. कसं सुचणार? या बिल्डिंगमध्ये राहायला आल्यापासून शेजारचं दार तरी कधी वाजवलंय मी?

तिच्यापुढे शून्य मांडलं. नियमच तसा.

कोकी मात्र टाकवेना. गार, कडक झालेली, ओट्याशी उभ्यानेच खाल्ली. खाता खाता आठवलं, मधल्या सुट्टीत मैत्रिणींना मैदानात सोडून ती रिकाम्या वर्गात माझ्या बाकावर येऊन बसली होती.

मला वाटलं होतं, पोरगी मस्का मारतेय.